मोर्णेचे शनिवार



स्मरणिकेसाठी लेख देशील का, असं संपादक मंडळाने विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं आणि विषय सांगितला : मोर्णा नदी. पलीकडून प्रश्न आला, "नदी? तो तर नाला आहे ना!" हा लेख त्या प्रश्नाचंच उत्तर आहे. ज्या पाण्याला आपण सहज नाला म्हणून मोकळे होतो ते कधी काळी काय होतं, त्याची ही गत कशी झाली आणि त्याला परत नदी करण्यासाठी वऱ्हाडातली साधी माणसं काय काय करत आली, हे एकदा नीट मांडावं असं फार दिवस मनात होतं. मी व्यवसायाने संगणक अभियंता, इतिहासकार नाही. त्यामुळे आकडेमोड थोडी जास्त येईल. ती गणिताच्या सरांनी तपासावी, आणि जमल्यास दोन गुण जास्त द्यावेत.

नदीकाठचं गाव

मोर्णा पातूरकडच्या डोंगराळ भागातून येते, उत्तरेकडे वाहत अकोला शहर मधोमध कापते आणि पुढे पूर्णेला मिळते. पूर्णा जाते तापीला आणि तापी अरबी समुद्राला. म्हणजे दगडी पुलाखालून जाणारं पाणी, जर ते वाहिलं तर, सुरतेच्या किनाऱ्याला पोहोचतं.

अकोल्याची जुनी वस्ती नदीच्या पश्चिम तीरावर. तिथेच असदगड. औरंगजेबाचा वजीर असद खान याच्या नावाने ओळखला जाणारा हा किल्ला ख्वाजा अब्दुल लतीफ याने १६९७ च्या सुमारास बांधला. किल्ला नदीच्या काठावर, बाजारपेठ नदीच्या काठावर, राजराजेश्वराचं देऊळही जुन्या शहरातच. जुनं गाव नदीकडे तोंड करून बसलं होतं, कारण तिच्याशिवाय त्याचं चालत नव्हतं.

पुढे १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर रेल्वे पूर्ण झाली आणि कापसाच्या गाठींबरोबर शहराचा जीवही पूर्वेकडे सरकला. स्टेशन, कचेऱ्या, जिनिंग-प्रेसिंग, नव्या पेठा असं सगळं नदीच्या पलीकडच्या तीरावर उभं राहिलं. नदी गावाच्या वेशीवर होती, ती शहराच्या पोटात आली.

आपल्याकडे 'अनिकट' नावाचा भाग आहे. आपल्यातले कितीतरी जण तिथूनच शाळेत यायचे. हा शब्द मुळात तमिळ. इंग्रजांच्या काळात सरकारी दप्तरांतून तो देशभर पसरला आणि त्याचा अर्थ नदीवर घातलेला बांधारा. मोर्णेचं पाणी अडवून वापरण्याजोगं होतं, याची आठवण त्या नावात आजही शिल्लक आहे. रिक्षावाल्याला आपण रोज 'अनिकट' सांगतो, पण आपण बंधाऱ्याला जातोय हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

पाणी लांबून, नदी मागल्या दारी

नदी बिघडते कधी? माझं उत्तर असं आहे : गावाला तिच्या पाण्याची गरज उरत नाही तेव्हा.

अकोल्यासाठी आधी कापशीचा तलाव झाला. मग काटेपूर्णेवर महानला धरण झालं आणि शहराचा नळ तिकडे जोडला गेला. मोर्णेवरही वर पातूर तालुक्यात धरण झालं, त्याचं पाणी शेतीला गेलं आणि शहरातून जाणारी नदी पावसाळा सोडता कोरडी पडत गेली. अलीकडे तर शहराला थेट वान धरणाचं पाणी आणायचं की ते तेल्हारा तालुक्यातल्या शेतीसाठी राखायचं, यावरून मोठा वाद झाला. खारपाणपट्ट्यातल्या ज्या गावांना विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यांच्यासाठी वानचं पाणी म्हणजे काय चीज आहे हे आपल्या बॅचमधल्या तेल्हारा-अकोटच्या मंडळींना सांगायला नको.

नळाचं पाणी लांबून आलं. वापरून झालेलं पाणी मात्र जवळच गेलं, मोर्णेत. ज्या घरांची पुढची दारं नदीकडे होती त्यांची मागची दारं नदीकडे झाली.

याचा एक दाखला आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी कावडधारी सतरा-अठरा किलोमीटरवरच्या गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर आणतात आणि राजराजेश्वराला जलाभिषेक करतात. १९४४ पासूनची ही परंपरा, पावसाने ओढ दिली तेव्हा सुरू झालेली. आपल्यातल्या अनेकांनी अनवाणी खांदा दिलेला आहे. त्या परंपरेबद्दल मला मनापासून आदर आहे आणि पूर्णेचं पाणी आणण्यामागे श्रद्धा आहे हेही मान्य. पण त्या रात्री हजारो माणसं भरणे खांद्यावर घेऊन शहरात शिरतात, तेव्हा देवळापासून हाकेच्या अंतरावर जी नदी वाहते तिच्यातून एक तांब्यादेखील भरून घेता येणार नाही, हेही तितकंच खरं.

वऱ्हाडचा झाडू

लोकांनी स्वतः उठून नदीकाठ साफ करायचा ही कल्पना आपल्याकडे कुठल्या सरकारी योजनेतून आलेली नाही. ती डेबूजी झिंगराजी जानोरकर नावाच्या माणसाकडून आली.

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. बालपण मात्र आपल्या अकोला जिल्ह्यातलं, मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाकडे. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडलं. त्यानंतरच्या त्यांच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक होतं पूर्णेच्या काठी, ऋणमोचनला. तिथे यात्रेला माणसं यायची, पण नदीत उतरण्याची वाट म्हणजे चिखल. बाबांनी काठ साफ करायला घेतला आणि १९०८ मध्ये तिथे घाट उभा राहिला.

या घटनेतली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बाबा झाडून निघून गेले नाहीत. झाडल्यावर तिथे दगडी घाट झाला, म्हणजे पुढच्या वर्षीच्या चिखलाची सोय आजच केली. त्यांच्या साऱ्या कामाची हीच रीत दिसते. सकाळी हातात खराटा, रात्री कीर्तन आणि मागे उरायची ती धर्मशाळा, गोरक्षण, वसतिगृह आणि ते चालवणारी माणसं. १९५२ मध्ये या सगळ्या कामासाठी गाडगेबाबा मिशन स्थापन झालं. खराटा ही सुरुवात होती, व्यवस्था हा शेवट होता. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबांनी देह ठेवला तोही नदीवरच, अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या पुलावर.

तुकडोजी महाराजांनी हेच काम गावाच्या पातळीवर नेलं. 'ग्रामगीते'त ग्रामशुद्धीवर वेगळा अध्याय आहे आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमधून सामुदायिक प्रार्थनेबरोबर गावसफाईही शिकवली गेली. आपल्या आजोबांच्या पिढीत पहाटे रामधून काढत गल्ली झाडणारी माणसं होती. त्यांनी स्वतःला स्वयंसेवक म्हणवून घेतलं नाही, इतकंच.

पुढच्या पिढीत या सेवेला वेगळं रूप आलं. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला आणि नंतरच्या काळात अमरावतीत निसर्ग संवर्धनाचं काम करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. सातपुडा फाउंडेशन हे त्यातलं एक ठळक नाव. प्राणीगणना, जंगलालगतच्या गावांशी बोलणं, वेळ पडली तर अर्ज आणि न्यायालय, हे या मंडळींचं काम. वाघासाठी चाललेलं हे काम आपल्या घागरीशीही जोडलेलं आहे. वान, शहानूर या नद्या मेळघाटच्या डोंगरातूनच खाली येतात. ते जंगल राहिलं तर खारपाणपट्ट्याची घागर भरेल.

भोगीचा शनिवार

आता येते १३ जानेवारी २०१८ या तारखेवर. संक्रांतीच्या आदल्या दिवशीचा, भोगीचा शनिवार. तेव्हाचे जिल्हाधिकारी आस्तिक कुमार पाण्डेय यांनी हाक दिली आणि अकोलेकर मोर्णेत उतरले. जलकुंभीने नदी इतकी झाकली होती की अनोळखी माणसाला ते हिरवं मैदान वाटावं.

चार किलोमीटरचा पट्टा, चौदा ठिकाणं, दोन्ही काठ. सहा हजारांवर नागरिक आणि शंभरावर स्वयंसेवी संस्था. शाळकरी पोरं, महाविद्यालयांचे विद्यार्थी, सेवानिवृत्त मंडळी, घरचं काम उरकून आलेल्या बायका. हे आकडे पुढे २८ जानेवारीच्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी देशाला सांगितले आणि आपली मोर्णा दिल्लीपर्यंत पोहोचली. एका दिवसावर थांबायचं नाही, नदी पूर्ण साफ होईपर्यंत दर शनिवारी सकाळी यायचं असंही ठरलं. २० जानेवारीला माणसं पुन्हा आली.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवसांत किती फोटो आले होते ते आठवा. चिखलाने माखलेले हात, ओढून काढलेल्या जलकुंभीचे ढीग, आणि बऱ्याच वर्षांनी दिसलेलं उघडं पाणी. एरवी चार माणसं एका मताची होत नाहीत अशा आपल्या शहरात व्यापारी, वकील, मजूर, सगळ्या जातिधर्मांची माणसं एका दोरीला धरून ती वेल काठावर ओढत होती. ही गोष्ट लहान नाही. नदीचं पुढे काय झालं ते सांगण्याआधी हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण अपयशाची चर्चा करताना आपण माणसांच्या घामाचा हिशेब विसरतो.

मग शनिवार विरळ होत गेले. परीक्षा आल्या, ऊन आलं, पाऊस आला. अधिकाऱ्यांची बदली झाली, ती होणारच होती. आणि जलकुंभी परत आली.

ती परत का येते

इथे थोडं शास्त्र सांगते. जीवशास्त्राच्या बाई असत्या तर जास्त चांगलं सांगितलं असतं.

जलकुंभी मूळची दक्षिण अमेरिकेतली. जांभळ्या फुलांच्या हौसेपायी ती जगभर गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमार्गे भारतात शिरली. तिला लागतं संथ पाणी आणि नत्र-स्फुरद. या दोन्ही गोष्टी सांडपाण्याने भरलेल्या, न वाहणाऱ्या नदीत फुकट मिळतात. परिस्थिती अनुकूल असली तर साधारण दोन आठवड्यांत तिचा पसारा दुप्पट होतो. आता हिशेब करा. साफसफाईनंतर कुठल्या तरी कोपऱ्यात फक्त एक गुंठा जलकुंभी राहिली. दोन आठवड्यांनी दोन गुंठे, चार आठवड्यांनी चार, आणि बारा आठवड्यांनी चौसष्ट गुंठे. म्हणजे तीन महिन्यांत एका गुंठ्याचा दीड एकराहून मोठा मळा. वर तिचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. पृष्ठभाग झाकला की पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात आणि डास वाढतात. पूर आला की हीच वेल पुलांना अडकते आणि पाणी तुंबतं. जुलै २०२१ च्या त्या रात्री मोर्णा काठावरच्या घरांत शिरली तेव्हा अनेकांना पहिल्यांदा समजलं की नदीला वाहायला जागा लागते.

दुसरा हिशेब सांडपाण्याचा. शहरी पाणीपुरवठ्याचं मानक माणशी दिवसाला १३५ लिटर. त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होतं. २०११ च्या जनगणनेतली अकोला शहराची सव्वाचार लाख लोकसंख्या धरली तरी रोजचे साडेचार कोटी लिटर होतात. आपल्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी असेल. अकोलेकरांच्या तहानेने नदीवर केलेला हा एवढा एकच उपकार! 'अमृत' योजनेत शिलोडा इथे दिवसाला तीन कोटी लिटर क्षमतेचा मलशुद्धीकरण प्रकल्प उभारला गेला. पण प्रकल्प बांधणं वेगळं, आणि प्रत्येक गल्लीतलं सांडपाणी नळीतून त्याच्यापर्यंत पोहोचणं वेगळं. जे पाणी नळीत शिरत नाही ते नाल्याने नदीतच येतं.

म्हणून सहा हजार माणसांचे हात खोटे ठरले नाहीत. त्यांनी वेल काढली, पण तिचं खत रोज येतच राहिलं. आमच्या क्षेत्रात नवी प्रणाली सुरू होते त्या दिवशी सगळे हजर असतात, फोटो निघतात, केक कापतात. सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता ती बंद पडते तेव्हा फोन उचलणारा माणूस आहे का, यावर ती टिकते. नदीचंही तसंच आहे.

इतरांनी काय केलं

ज्या अधिकाऱ्याने मोर्णेसाठी हाक दिली तेच पुढे औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे महापालिका आयुक्त झाले. तिथे खाम नदीची अवस्था मोर्णेसारखीच होती. त्या कामात महापालिकेबरोबर छावणी परिषद, व्हॅरॉक ही कंपनी आणि इकोसत्त्व ही पर्यावरण क्षेत्रातली संस्था सुरुवातीपासून होती. अधिकारी बदलले तरी उद्या सकाळी कामावर येणारं कुणीतरी त्यात होतं. काठावर माणसं फिरायला येऊ लागली. मोर्णेच्या आणि खामच्या कामात मला दिसणारा मोठा फरक हाच.

मी राहते त्या पुण्यात 'जीवितनदी' नावाचा गट आहे. त्यांचा 'दत्तक घेऊया नदीकिनारा' हा उपक्रम त्याहून साधा. अख्खी मुठा साफ करण्याची भाषा ते करत नाहीत. नदीचा एक छोटा तुकडा निवडायचा, विठ्ठलवाडीसारखा, आणि तिथे नेमाने जायचं. कचरा उचलायचा, पाणी बघायचं, पक्षी-झाडं नोंदवायची, येणाऱ्या मुलांना नदी दाखवायची. शिवाय घरातली रसायनं कमी कशी करायची हेही ते शिकवतात, कारण मोरीतून जातं तेच नदीत जातं. मोठी गर्दी जमत नाही, पण नदीला ओळखणारी माणसं तयार होतात. काठावर कुणी राडारोडा टाकला तर त्यांच्या लगेच लक्षात येतं आणि तक्रार कुठे करायची तेही त्यांना माहीत असतं.

ऋणमोचनचा घाट, खामचं काम आणि विठ्ठलवाडीचा किनारा एका ओळीत ठेवून पाहिले की मला एकच गोष्ट दिसते. नदी साफ करायला एक दिवस आणि हजारो माणसं लागतात. नदी राखायला थोडी माणसं लागतात, पण सगळे दिवस लागतात. मोर्णेला पहिली गोष्ट मिळाली. दुसरी अजून मिळायची आहे.

आपल्या बॅचपुढे एक प्रस्ताव

संमेलनं होतात, फोटो निघतात, शाळेला पंखे किंवा पाण्याचा कूलर भेट दिला जातो. तेही करूच. त्याच्या जोडीला एक छोटं काम सुचवते.

मोर्णेचा अर्धा किलोमीटरचा तुकडा घ्यायचा, अनिकट ते दगडी पूल यांच्या आसपासचा कुठलाही. तो साफ करायचा नाही, निदान पहिलं वर्ष तरी नाही. फक्त पाहायचा आणि लिहून ठेवायचा. महिन्यातून एका शनिवारी सकाळी त्याच जागेवरून तोच फोटो. पाणी किती, वाहतं आहे की थांबलेलं, जलकुंभी कुठून कुठपर्यंत. या तुकड्यात किती नाले उतरतात आणि त्यातले किती उन्हाळ्यातही वाहतात. जो नाला मे महिन्यात वाहतो त्यात पावसाचं पाणी नसतं, एवढं तर भूगोलाच्या बाईंनी शिकवलेलंच आहे. पाण्यातला प्राणवायू मोजायचा छोटा संच बाजारात मिळतो. नदीचं पाणी अंघोळीयोग्य ठरायला लिटरमागे किमान पाच मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. आपलं किती भरतं ते शाळेतली नववीची मुलं मोजतील, आणि रसायनशास्त्राचा तो तास ती जन्मात विसरणार नाहीत.

बारा महिन्यांची अशी नोंद हातात असली तर महापालिकेत जाऊन "नदी घाण आहे" असं सांगायची गरज पडत नाही. "हे चार नाले, हे त्यांचे बारा महिन्यांचे फोटो, यांना मलवाहिनीला कधी जोडता?" एवढं विचारता येतं. रागावलेल्या माणसाला परत पाठवता येतं, वही घेऊन आलेल्याला पाठवणं अवघड असतं. आपल्या बॅचमध्ये वकील आहेत, स्थापत्य अभियंते आहेत, पत्रकार आहेत, शिक्षक आहेत, आणि कुणाशीही बोलून काम करून घेणारी दोन-तीन माणसं तर शाळेपासूनच प्रसिद्ध आहेत. वहीचा तक्ता, फोटो साठवायची जागा आणि नकाशा हे माझ्याकडे लागलं.

सारा भार अकोल्यात राहणाऱ्यांवर टाकायला नको. बारा महिने, बारा नावं. बाहेरगावच्यांनी आपापल्या माहेरच्या, गावच्या खेपेप्रमाणे महिना निवडावा. दिवाळीचा महिना लगेच संपेल हे मला माहीत आहे. संमेलनाच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर तक्ता ठेवलेला असेल. मे महिन्यापुढे मी माझं नाव आधीच लिहिलं आहे. पंचेचाळीस अंशांत दुसरं कुणी तो घेणार नाही, आणि मुलांच्या सुट्टीत मी तशीही अकोल्यातच असते.